समुपदेशन कक्षाचा बोर्ड लागला, पण दार कुणी उघडत नाही

पांदणवाट
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात भूगोल शिकवते. जुलैत प्राचार्यांनी सांगितलं, समुपदेशन कक्ष आता तुमच्याकडे. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्राचार्यांच्या दालनाला लागून खोली मिळाली, एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर निळा बोर्ड. आता डिसेंबर संपत आला. आजवर त्या खोलीत पाच मुलं आली. तिघं बोनाफाईडवर सही मागायला आणि दोघं शिष्यवृत्तीचा अर्ज परत का आला ते विचारायला.

मुलांना गरजच नसेल असं कुणी म्हणेल, म्हणून हेही सांगते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, पहिल्या बाकावरचा, नकाशे फार सुरेख काढायचा. ऑगस्टपासून यायचा बंद झाला. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गै' लिहीत गेले. दिवाळीनंतर त्याच्या गावची एक मुलगी सहज बोलून गेली, "मॅडम, तो घरीच असते. कोनाशी बोलत नाही, जेवत नाही, नुसता भिंतीकडं तोंड करून निजून राह्यते." कॉलेजपासून अकरा किलोमीटरवर! आणि मी समुपदेशन कक्षाची प्रमुख.

तुमच्या भागात हे कुठं खरंच चालतं का? मुलं येतात का? येत असतील तर कशामुळे?

वेचणी
मॅडम, मी तीन वर्षांआधी असल्याच एका कॉलेजातून बी.ए. झाली. आमच्याइथंही तो रूम होता आन् तोही प्राचार्यांच्या बाजूलेच. तिथं ऑफिसची लाईन असते, शिपाईकाका बसून असतात, फी भरनारे पोट्टे उभे असतात. त्याईच्या समोरून त्या दरवाज्यात कोन जाईन?

आमच्या गावाले दिवसातून तीनच बसा. संध्याकाळच्या बसमध्ये अर्ध्या पोरी माह्याच गावच्या. मी त्या रूममधी गेली असती तर माह्या आधी बातमी घरी पोचली असती. "तिले काय झालं व?" मंग आत्या, मामा, आन् तिथून पुढं सोयरीक पाहनारे. मले दुसऱ्या वर्षाले लय त्रास झाला, रात्रभर झोप नाई, छातीत धडधड. चार महिने कोनाले सांगतलं नाई. आमच्याइकडं पोरीच्या पायाले फ्रॅक्चर झालं तर भेटाले लोक येतात. डोक्याचं काई झालं तर भेटाले येत नाईत, पाहाले येतात.

संत्राबाग
वेचणीताई, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

जुनाहॉस्टेलवाला
मी १९७८ ला अमरावतीला बी.एस्सी. झालो. कंदिलावर अभ्यास केला, एक वेळ मेसमध्ये आणि एक वेळ मुरमुऱ्यावर काढली. तेव्हा समुपदेशन नव्हतं आणि त्याचं कुणाला अडलंही नाही. आज प्रत्येक गोष्टीला नाव देतात आणि नाव दिलं की मुलगा स्वतःला आजारी समजायला लागतो. रागावू नका, पण मला हे मनापासून वाटतं.

रात्रपाळी
काका, रागवत नाही. मी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात परिचारिका आहे, चौदा वर्षं झाली. आजार तेव्हाही होता. तेव्हा लोक म्हणायचे "त्याचं डोकं फिरलं", "तिच्या अंगात येते", "तो शिकता शिकता वाया गेला". प्रत्येक गावात असा एखादा माणूस होता, आठवून बघा. अडलं नाही असं आपण म्हणतो, कारण ज्यांचं अडलं ते आपल्यासोबत पुढे आलेच नाहीत.

परीक्षेआधी घाबरणं, प्रेमभंगानं चार दिवस न जेवणं याला आम्हीही आजार म्हणत नाही. पण उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त रोजच्या रोज राहिलं तर ते तपासायला हवं. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासतो ना, तसंच.

पांदणवाटताई, त्या मुलाला अजून कुणी डॉक्टरांना दाखवलं का?

पांदणवाट
वडिलांशी फोनवर बोलले. म्हणाले, "बाहेरचं हाय, मंगळवारी नेतो." कुठं नेणार ते मी विचारलं नाही.

धारणीकर
ताई, विचारायला हवं होतं असं नम्रपणे म्हणतो. मी मेळघाटातला, कोरकू. आमच्याकडे आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैद्याकडे, जातात. बाहेरचे लोक यावर लगेच 'अंधश्रद्धा' म्हणतात आणि बोलणंच तुटतं. भूमका आला की सगळं घर त्या मुलाभोवती बसतं. रात्रभर त्याची कुणाला तरी काळजी असते. शहरातल्या दवाखान्यात पाच मिनिटांत चिठ्ठी हातात देऊन बाहेर काढतात.

पण आजार त्यानं बरा होत नाही, हेही मी घरात बघितलंय. माझ्या चुलतभावाचे दीड वर्ष असेच गेले. शेवटी गावातल्या आशा कार्यकर्तीनं भूमकाशीच बोलणं केलं, त्याला बाजूला सारलं नाही. तो म्हणाला, माझा अंगारा लाव आणि गोळीही घे. भाऊ गोळी घ्यायला लागला, कारण ज्याच्यावर घराचा विश्वास होता त्यानंच सांगितलं. आता तो परतवाड्याला आयटीआय करतो. त्या वडिलांना 'नेऊ नका' म्हणू नका. 'आपण इथंही जाऊ, तिथंही जाऊ' म्हणा. पण मारणं, उपाशी ठेवणं, डाग देणं असलं काही दिसलं तर मात्र तिथंच अडवा.

सोळाशे_मीटर
कॉलेजवाल्याईची चर्चा चालू हाय, पन जे कॉलेजातून निघून गेले त्याईचं काय? मी २७ चा. तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो, सकाळी पाच वाजता मैदानावर सोळाशे मीटर. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राह्यलो. अभ्यासिकेत आम्ही चाळीस पोट्टे, सकाळपासून रात्री दहापर्यंत, कोनी कोनाशी बोलत नाई. पोळ्याले घरी गेलो नाई, दिवाळीले एक दिवस गेलो. घरी गेलो का बाबा काई म्हनत नाईत, माय ताट वाढते, आन् शेजारचे काका दारातून इचारतात, "लागलं का?" बस एवढंच. तेवढ्यासाठी घरी जाऊ वाटत नाई.

बाबांनी पराटीच्या पैशातून महिन्याले अडीच हजार पाठोले. यंदा बोंडअळी लागली, तरी पाठोले. ते पैशे घेतानी हात थरथरते. हे कोनाले सांगू? बोर्ड कॉलेजात हाय आन् मी कॉलेजचा नाई.

मायबाई
सोळाशे मीटर, बाळा, घरी जात जा. आई ताट वाढते तेच तिचं बोलणं आहे.

जुनाहॉस्टेलवाला
रात्रपाळीबाईंच्या उत्तरावर विचार केला. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण एक आठवलं ते लिहितो. आमच्या हॉस्टेलला एक खामगावकडचा मुलगा होता. सहा-सात दिवस जेवायला उतरला नाही. मेसचे महाराज स्वतः ताट घेऊन वर गेले आणि तो जेवेपर्यंत खाली आले नाहीत. मग आम्ही चौघांनी त्याला रोज अंघोळीला, कॉलेजला, फिरायला ओढून न्यायचा क्रम लावला. वडिलांना तार केली.

समुपदेशन नव्हतं हे खरं. पण त्या वेळी पंगतीला एक पान रिकामं राहिलं की कळायचं. आता मुलं खोली भाड्यानं घेऊन एकेकटी राहतात, डबा दाराला अडकवून जातो. तुम्ही खोली आणि बोर्ड कितीही द्या, रिकामं पान बघणारा माणूस कुठून आणणार? माझा आक्षेप तिथं आहे.

रात्रपाळी
काका, हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. त्या महाराजांनी केलं तेच पहिलं काम. पण त्या मुलाला तेवढ्यानं बरं वाटलं नसतं तर पुढे कुठं न्यायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आज ते ठाऊक करून घेता येतं.

कोर्टकचेरी
दोन गोष्टी सांगतो, कामाच्या आहेत.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्यापेक्षा लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावायचे. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे भूगोलाच्या बाईंना दोन दिवस पाठवलं की भागलं, असं नाही. ताई, हे तुमच्या विरोधात लिहीत नाही, प्राचार्यांपुढे ठेवायला कागद हवा म्हणून लिहितो.

दुसरं. कुणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून घरचे सरकारी दवाखान्यात न्यायला घाबरतात, लपवतात, त्यात वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ : असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो आणि त्यासाठी त्याला शिक्षा होत नाही. उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं. गावात हे सांगा. याच कायद्यानं मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यावा लागतो.

तिसरी_बस
पात्र समुपदेशक आमच्या तालुक्यात येणार कुठून हो? आमच्याकडे इंग्रजीचा प्राध्यापक चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर आहे, त्याचा पगार वेळेवर होत नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. मी सध्या एम.ए.ला आहे. आमच्याकडे कक्षाच्या मॅडम अतिशय प्रेमळ आहेत, तरी मी गेले नाही. कारण इंटर्नलचे मार्क त्याच देतात. ज्यांच्यापुढे रडायचं त्यांच्याच हातात वीस मार्क! आणि त्या माझ्या काकूच्या मैत्रीण आहेत. त्या सांगणार नाहीत हे मला माहीत आहे, पण काकूकडे लग्नाला भेटल्यावर त्या माझ्याकडे कशा बघतील, हे डोक्यातून जात नाही.

वेचणी
हेच! तालुक्यात सगळे सगळ्याईचे कोनी ना कोनी लागतात.

मले एक सुचते. दोन तालुक्याच्या कॉलेजांनी मॅडमच अदलाबदल केल्या तर? तुमच्या मॅडम हप्त्यातून एक दिवस तिकडं, त्याईच्या तुमच्याकडं. मार्काचा संबंध नाई, काकूचा संबंध नाई. खर्च काय, बसचं तिकीट!

संत्राबाग
हे फारच चांगलं आहे. फक्त बस वेळेवर आली पाहिजे. आमच्या मोर्शीकडे बसच्या भरवशावर लग्नाचा मुहूर्त धरला तर बारशालाच पोचाल.

तिसरी_बस
संत्राबागकाका, आमची सव्वातीनची लागते तेव्हा तिचं नाव सव्वाचारची ठेवावं लागेल. पण विषय खरंच बसचा आहे. शेवटचं लेक्चर दीडला संपतं, बस सव्वातीनला. कक्षाची वेळ ठेवतात अकरा ते बारा, प्रॅक्टिकलच्या वेळेला. बसची वाट बघत आम्ही पावणेदोन तास स्टँडवर बसतो. तोच वेळ आहे आमच्याकडे.

ओलीत
खूप दिवस नुसता वाचत होतो. मागच्या वर्षी मी १४४१६ ला फोन केला होता, म्हणून लिहितो. 'टेली मानस' म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. घरी नेटवर्क नसतं आणि दोन खोल्यांत सहा माणसं, म्हणून रात्री ओलिताच्या पाळीला गेलो तेव्हा विहिरीजवळच्या खोपीतून लावला. आधी भाषा विचारतात, मराठी निवडली. बाईंचा आवाज होता. नाव नाही सांगितलं तरी चालेल म्हणाल्या. मी पहिली पाच मिनिटं काहीच बोललो नाही, त्यांनी फोन ठेवला नाही. मग सगळं बोललो. बी.एस्सी.ला दोन विषय राहिले ते, घरी पास झालो म्हणून सांगितलं ते, सगळं.

त्यांनी काही जादू केली नाही. जिवाला काही करावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि छातीवरचं ओझं थोडं उतरलं. सकाळी मोठ्या बहिणीला सांगायचं असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी सांगितलं. ती रडली, मग भांडली, मग सावंगीला दवाखान्यात घेऊन गेली.

रात्रपाळी
ओलीत, लिहिलंस ते फार बरं केलं.

सरळ विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती शिक्षकांना आणि पालकांना असते. तसं होत नाही. बहुतेकांना विचारल्यानं हलकं वाटतं. विचारा, ऐका, त्याला एकटं सोडू नका आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलुपात किंवा घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. तो वाईट तास टळला तर पुष्कळदा जीव वाचतो. आपल्याकडे घरोघरी ही औषधं खाटेखाली असतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते.

आणि गोळ्यांबद्दल. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आमच्याकडची मुलं आठव्या दिवशी बंद करतात, 'काही फरक नाही' म्हणून. आणि बरं वाटलं की वडील बंद करायला लावतात, 'सवय लागेल' म्हणून. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. लग्न जमल्यावर मुलीच्या गोळ्या लपवून टाकून दिल्याच्या किती गोष्टी सांगू!

मायबाई
माझी मुलगी नागपूरला नर्सिंगला होती. मी रोज रात्री फोन करायची. "जेवली का?" ती म्हणायची, "हो." मी म्हणायची, "बरं, ठेवते." दोन वर्षं हेच. तिनं मध्येच शिक्षण सोडलं तेव्हा कळलं की कित्येक दिवस ती जेवतच नव्हती. मला दुसरा प्रश्नच माहीत नव्हता. आमच्या आईनंही आम्हाला हाच एक विचारला.

आता ती घरी आहे, शिवण करते, बरी आहे. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसतो आणि मी काहीच विचारत नाही, तीच बोलते.

परसबाग
मायबाई 🙏

मी अमरावती जिल्ह्यात आरोग्याच्या कामात होते. तिथं 'विश्राम' नावाचा प्रकल्प ३० गावांत झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, ते घरोघरी जायचे, छोट्या बैठका घ्यायचे, ज्याला गरज त्याला समुपदेशकाकडे आणि त्याहून जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच लोकच उपचारापर्यंत पोचत होते. शेवटी सत्तावीस पोचले. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आलं आहे. डॉक्टर मोजकेच होते. मधला माणूस वाढवला, म्हणून एवढे लोक पोचले. जुनाहॉस्टेलवाला काका म्हणतात तो रिकामं पान बघणारा माणूस शिकवून तयार होतो. कॉलेजात तो कोण? माझ्या मते राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) स्वयंसेवक, ग्रंथालयातले कर्मचारी, मुलींच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी.

एकच सावध सूचना. मुलांना मुलांचे समुपदेशक करू नका. त्यांनी ओळखायचं आणि सोबत यायचं, एवढंच. वीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दुसऱ्याच्या जिवाचं ओझं टाकायचं नाही.

पांदणवाट
सगळ्यांना उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, माफ करा. मधल्या काळात काय झालं ते लिहिते.

खोली सोडली. ग्रंथालयाच्या मागे रासेयोच्या घमेली-फावड्यांची खोली होती, ती मागून घेतली. तिला दोन दारं आहेत, एक वाचनकक्षातून आणि एक मागच्या कडुनिंबाकडे. बोर्ड लावला नाही. वेळ दीड ते सव्वातीन. प्राचार्य आधी नाही म्हणाले, कारण कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या समितीला कक्ष दिसला पाहिजे. कोर्टकचेरींनी लिहिलेलं छापून त्यांच्यापुढे ठेवलं. निळा बोर्ड जुन्याच जागी राहील आणि काम मागे चालेल, असं ठरलं. १४४१६ प्रत्येक वर्गात आणि दोन्ही स्वच्छतागृहांत दाराच्या आतल्या बाजूला लावला, म्हणजे तिथं एकटं असताना लिहून घेता येतो.

अदलाबदलीसाठी शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजशी बोलले. तिथल्या गृहअर्थशास्त्राच्या मॅडम तयार आहेत, बुधवारी मी तिकडे, त्या इकडे. संस्थेची परवानगी अजून लेखी नाही. त्या दोन वेळा आल्या. पहिल्या बुधवारी कुणी नाही, दुसऱ्या बुधवारी दोन मुली, कडुनिंबाच्या दारानं.

त्या मुलाकडे गेले. धारणीकर, तुम्ही सांगितलं तसंच वडिलांशी बोलले, "मंगळवारी तिकडे जा, गुरुवारी माझ्यासोबत चला." गुरुवारी ते बसस्टँडवर आमच्याआधी येऊन उभे होते. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, दर पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. रात्रपाळीताईंनी लिहिलेलं 'दोन ते चार आठवडे' मी वडिलांना तीनदा सांगितलं. अजून तो बोलत नाही. पण परवा आई म्हणाली, अंघोळ केली आणि अंगणात बसला.

जुनाहॉस्टेलवाला
ताई, त्याच्या डॉक्टरकडच्या बसभाड्याचं बघतो कोण? मला निरोप पाठवा, ते माझ्याकडे लागलं.

सोळाशे_मीटर
मॅडम, तुमचा तालुका कोनता ते तुमी लिहिलं नाई, पन घमेल्याची खोली आन् मागचा कडुलिंब म्हनल्यावर मले वाटते मी वळखलं. मी तिथंच होतो, २०१९ बॅच. कॉलेजचा नसला तरी येता येते का?

पांदणवाट
ये. मागच्या दारानं ये, कुणी विचारणार नाही. बुधवार सोडून कोणत्याही दिवशी दीडनंतर मी असते. माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर बुधवारी त्या मॅडम असतात.